तलवंडीच्या पटवाऱ्याचा मुलगा

वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळाची पोरं आमच्याकडे आली आणि म्हणाली, काका, एखाद्या थोर पुरुषाचं चरित्र लिहून द्या. बाबासाहेबांवर, जोतिबांवर, शाहू महाराजांवर लिहिणारे आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा शिकलेले आहेत. आम्ही दहावी नापास, थेट गिरणीत गेलेलो. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. म्हणून आम्ही गुरु नानकांवर लिहायचं ठरवलं. विहाराच्या पुस्तकात शिखांचा गुरू कशाला, असं काही उपासकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, उत्तर पुढे आहे.

नानकांचा जन्म १४६९ सालचा. गाव राय भोईची तलवंडी, लाहोरच्या पश्चिमेला. आज त्या गावाला ननकाना साहिब म्हणतात आणि ते पाकिस्तानात आहे. वडील मेहता कालू हे गावचे पटवारी. पटवारी म्हणजे तलाठी. आपल्या विदर्भातली जुनी माणसं अजून पटवारीच म्हणतात. आईचं नाव तृप्ता, थोरली बहीण नानकी. जात खत्री, म्हणजे वरची. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याला जातीचा चटका बसतो तो जातीविरुद्ध बोलतो यात नवल नाही. ज्याला जातीचा फायदा मिळत होता त्याने ती टाकली, त्याचा हिशोब वेगळा धरला पाहिजे.

मुंजीच्या दिवशी पुरोहित जानवं घेऊन बसला, पाहुणे जमले, आणि पोराने जानवं घालायला नकार दिला. सूत मळतं, तुटतं, माणसाबरोबर जळून जातं. दया आणि सत्य यांचा धागा असेल तर घाला, असा त्याचा मुद्दा होता. आम्ही उभा जन्म सुताच्या कामात घालवला. सूत किती लवकर तुटतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

पुढे बापाने २० रुपये देऊन व्यापाराला पाठवलं, चांगला सौदा करून ये म्हणून. वाटेत उपाशी साधूंचा जथा भेटला. पोराने सगळ्या पैशांचं धान्य घेऊन त्यांना जेवू घातलं आणि रिकाम्या हाताने घरी आला. बापाचा मार खाल्ला म्हणतात. बापाचंही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, पटवाऱ्याच्या पगारात २० रुपये काही थोडे नव्हते. पण शीख लोक आजही त्या सौद्याला खरा सौदा म्हणतात.

मग बहिणीने आणि मेव्हणे जयराम यांनी त्यांना सुलतानपूरला नेलं. तिथे दौलतखान लोदीच्या सरकारी कोठारावर नोकरी लागली. धान्य मोजून द्यायचं काम. याच काळात संसार झाला. पत्नी सुलखनी, मुलं श्रीचंद आणि लखमीदास. कोठाराची एक गोष्ट सांगतात. मापं मोजताना तेरावर आले की नानक अडायचे, कारण तेरा म्हणजे तिकडच्या बोलीत तुझं. सगळं तुझंच, असं म्हणत ते देतच राहायचे. कोणीतरी चुगली केली, तपासणी झाली, तर माल कमी भरण्याऐवजी वाढीव निघाला. वाढीव कसा निघाला ते आम्हाला विचारू नका. त्यांच्या चरित्राच्या ज्या जुन्या पोथ्या आहेत, त्यांना जनमसाख्या म्हणतात, त्या ते गेल्यानंतर लिहिल्या गेल्या. त्यांत चमत्कार भरपूर आहेत आणि चमत्कार मानायचे नाहीत असं आपण ठरवलेलं आहे. पण कोठारावरचा माणूस मापात पाप करत नव्हता, एवढं त्यातून घ्यावं. हिंगणघाटच्या कापूस बाजारात ज्यांनी बंडीखाली रात्र काढली आहे त्यांना एवढं पुरे आहे.

तिशीत असताना ते एक दिवस बेईं नदीवर अंघोळीला गेले ते तीन दिवस दिसले नाहीत. लोकांनी बुडाले असंच धरलं. परत आले तेव्हा त्यांचं पहिलं सांगणं असं होतं की कोणी हिंदू नाही आणि कोणी मुसलमान नाही. नोकरी सोडली, कोठारातलं आपलं होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि मर्दाना नावाच्या मित्राला घेऊन बाहेर पडले. मर्दाना मुसलमान, जातीने मिरासी, म्हणजे गाणं-बजावणं करून पोट भरणारा. त्यांच्याकडे हलक्या नजरेने बघत. नानकांनी पदं करावी आणि मर्दान्याने रबाब वाजवावा, असे हे दोघे वर्षानुवर्षं पायी फिरले. आपल्या नांदेडला आणि बिदरलाही ते येऊन गेले असं सांगतात.

हरिद्वारला लोक उगवतीकडे तोंड करून पितरांना पाणी देत होते. नानक मावळतीकडे पाणी उडवू लागले. लोक हसले. ते म्हणाले, माझं शेत पंजाबात आहे, त्याला पाणी देतो. तुमचं पाणी जर परलोकात पोचतं तर माझं शेतापर्यंत का पोचणार नाही? आपल्या वस्तीत अजूनही काही घरी पितृपक्षात लपूनछपून पान वाढलं जातं. नावं घेत नाही.

सैदपूरला ते लालो सुताराच्या घरी उतरले. गावच्या अधिकाऱ्याचं, मलिक भागोचं, मोठं जेवण होतं. तिथे गेले नाहीत. बोलावणं धाडून विचारलं तेव्हा त्यांनी एका हातात लालोची कोरडी भाकर आणि दुसऱ्या हातात भागोची पुरी घेऊन पिळली. भाकरीतून दूध आलं आणि पुरीतून रक्त. पुरीतून रक्त येत नसतं हे आम्हालाही कळतं. पण घामाची भाकर कोणती आणि लुबाडलेली कोणती, हा फरक त्या काळात एका खत्र्याने सुताराच्या ओट्यावर बसून सांगितला. पुढे बाबराच्या फौजेने त्याच सैदपूरची धूळधाण केली. नानकांनी त्यावर पदं लिहिली, बाबराच्या फौजेला पापाची वरात म्हटलं, आणि रयतेला न राखणाऱ्या लोदी राजांनाही सोडलं नाही. बायकांना हीन मानणाऱ्यांनाही त्यांनी ठणकावलं, की राजेसुद्धा जिच्या पोटी जन्मतात तिला वाईट कसं म्हणता.

फिरणं संपवून ते रावी नदीकाठी कर्तारपूरला स्थिरावले. हा भाग आम्हाला सगळ्यांत जास्त आवडतो. अंगावरचा फकिरी वेश उतरवला आणि शेतकऱ्यासारखे नांगर धरून राहिले. काम करा, वाटून खा, नामस्मरण करा, ही त्यांची शिकवण. संन्यास नाही, भिक्षा नाही. पहाटे आणि सायंकाळी सगळे मिळून पदं म्हणायचे आणि एका ओळीत बसून जेवायचे. खत्री, जाट, मुसलमान, चांभार, सगळे एकाच पंगतीत. तेच लंगर.

पंगतीचं महत्त्व ज्याला पंगतीतून उठवलं गेलं त्याला विचारा. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं आपल्या माणसांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२९ च्या सुमाराला तो प्रश्न उचलला होता. आमच्या वेळी तसं उघड काही नव्हतं. पण आम्ही नवखे असताना, जेवणाच्या सुटीत आम्ही डबा उघडला की शेजारच्याला पाणी प्यायला जावंसं वाटायचं आणि तो परत दुसरीकडे बसायचा. त्यानंतर काही वर्षांनी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण, काही माहीत नाही. एका म्हाताऱ्या सरदारजींनी दोन्ही हात पुढे करायला सांगून रोटी दिली. नाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच.

१५३९ साली नानक वारले. गादी पोटच्या मुलांना दिली नाही. लहणा नावाच्या शिष्याला अंगद नाव देऊन गुरू केलं. आपल्या संघटनांत घरातल्या घरात पदं वाटली जातात तेव्हा आम्हाला ही गोष्ट आठवते.

पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नानकांची ९७४ पदं आहेत, आणि त्यांच्या शेजारी कबीर विणकर, रविदास चांभार, सेना न्हावी, सदना खाटीक, शेख फरीद मुसलमान. आपल्या नरसीच्या नामदेव शिंप्याची ६१ पदं आहेत. जातीमुळे देवळातून हाकलल्याचं दुःख त्यातल्या एका पदात आहे. आमचा चोखोबा मात्र त्यात नाही, याची खंत वाटते. याच ग्रंथाला १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी गुरूची गादी दिली.

आता उत्तर. १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितल्यावर बाबासाहेब पुढच्या एप्रिलात अमृतसरला शीख परिषदेला गेले. त्याच महिन्याच्या अखेरीला गांधीजी आपल्या वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, आणि त्यांना हे धर्मांतर पसंत नव्हतं. सप्टेंबरात बाबासाहेबांनी शीख धर्माचा अभ्यास करायला १३ जण अमृतसरला पाठवले. १९३७ साली मुंबईत खालसा कॉलेज उभं राहिलं त्यात त्यांचा हात होता. म्हणजे आपल्या आज्या-आजोबांच्या डोक्यावर पगडी येता येता राहिली. पुढे तो विचार मागे पडला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बुद्धाकडे आलो. नानक एक ईश्वर मानतात, बुद्ध मानत नाहीत. हा फरक लहान नाही आणि तो आम्ही झाकत नाही. हेही झाकत नाही की पंजाबात अनेक गावी दलित शिखांचे गुरुद्वारे आणि मसणवटे वेगळे आहेत. ज्याने पंगत घातली त्याच्याच लेकरांनी ती मोडली. आणि सवलतींचं म्हणाल तर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत शीख दलित १९५६ पर्यंत आले, बौद्धांना १९९० उजाडावं लागलं.

ननकाना साहिबला नानकांच्या जन्मस्थळी गुरुद्वारा आहे. तो एका महंताच्या ताब्यात होता. फेब्रुवारी १९२१ मध्ये तो सोडवायला निःशस्त्र गेलेल्या शिखांना महंताच्या गुंडांनी आत कोंडून मारलं, जाळलं. महाबोधीसाठी झगडणाऱ्यांनी हे वाचावं. १९४७ साली फाळणी झाली आणि जन्मगाव आणि कर्तारपूर दोन्ही पलीकडे गेले. कर्तारपूर सरहद्दीपासून ४ किलोमीटरच्या आसपास. लोक अलीकडून दुर्बिणीने दर्शन घेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ५५० व्या जयंतीला रस्ता उघडला, मे २०२५ मध्ये लढाईच्या दिवसांत भारताने तो बंद केला. कर्तारपूरला नानकांची समाधीही आहे आणि कबरही. ते गेले तेव्हा हिंदू म्हणाले जाळू, मुसलमान म्हणाले पुरू. चादर उचलली तर खाली नुसती फुलं होती, ती दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली, असं जनमसाखीत आहे.