शेजाऱ्यांचा शब्द

वर्षाच्या मध्येंच हजेरीपटांतील एखाद्या नांवावर रेघ ओढावी लागते, तेव्हां आमचा हात क्षणभर थांबतो. मूल हुशार असतें. परंतु आतां शाळा पुरे, असें घरीं ठरलेलें असतें. अशा वेळीं आम्हांस जोतीराव फुले यांचें स्मरण होतें.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं माळी कुळांत झाला. आई चिमणाबाई त्यांच्या बालपणींच वारल्या. वडील गोविंदराव पुण्यास फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. त्यांनीं मुलास शाळेंत घातलें खरें. पण माळ्याच्या पोरास विद्या कशाला, असें लोकांनीं त्यांच्या मनांत भरविलें. पाटी सुटली व हातीं शेतीचें काम आलें. पुढें गफार बेग मुनशी व लिजिट, एक मुसलमान व दुसरे ख्रिस्ती, या दोघां शेजाऱ्यांनीं मुलाची बुद्धि ओळखून गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले व १८४७ पर्यंत तेथें शिकले.

हें ऋण त्यांनीं कसें फेडिलें? १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली. पत्नी सावित्रीबाईंस शिकवून शिक्षिका केलें. वाटेंत लोक त्यांच्या अंगावर शेण टाकीत; तरी त्या शाळेंत जात. लोकनिंदेस भिऊन गोविंदरावांनीं १८४९ सालीं मुलास व सुनेस घराबाहेर काढिलें. तरीही काम थांबलें नाहीं. महारमांगांच्या मुलांसाठीं शाळा निघाल्या. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं मागणी केली कीं, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा साऱ्या देशासाठीं होण्यास २००९ साल उजाडावें लागलें.

पालकहो, गोविंदराव कांहीं निर्दय पिता नव्हते. लोक काय म्हणतील, या एका धाकानें त्यांनीं मुलास दोनदां दूर लोटलें. एकदां शाळेपासून, एकदां घरापासून. आपल्या आळींतील एखाद्या मुलाचें वा मुलीचें नांव पटावरून जाऊं लागेल, तेव्हां तिच्या दारीं आपण कोणता शब्द बोलणार? मुनशी व लिजिट यांनीं बोललेला शब्द थोडाच होता. पण तो वेळेवर होता.