उत्तर ‘नाही’ आलं, तरी नाव राहिलं

फिजिक्सवाल्यांनो, ‘ईझिंग मॉडेल’ हे नाव कधीतरी तुमच्या कानावर पडलं असेल. पण हा ईझिंग कोण, असं विचारलं तर वर्गात शांतता!

अर्न्स्ट ईझिंगचा जन्म १० मे १९०० चा, जर्मनीतल्या कोलोनचा. हॅम्बुर्गला पीएच.डी.साठी त्याचे गाईड विल्हेल्म लेन्झ यांनी त्याला एक कोडं घातलं. अणू म्हणजे वर किंवा खाली तोंड केलेले बाण, आणि प्रत्येक बाण फक्त शेजाऱ्याचं ऐकतो असं धरलं, तर सगळे एका दिशेला वळून चुंबक बनेल का? ईझिंगने बाणांची एकच रांग घेतली. उत्तर आलं, नाही. रांगेऐवजी ठोकळा घेतला तरी तेच होईल, असा अंदाजही त्याने बांधला. १९२५ मध्ये पेपर छापला आणि पुढे तो शाळामास्तर झाला.

१९३३ मध्ये नाझी आले. ज्यू म्हणून त्याची नोकरी गेली. नंतर तो कापुट गावच्या ज्यू मुलांच्या शाळेत शिकवू लागला. १९३८ मध्ये तीही उद्ध्वस्त झाली. तो लक्झेंबर्गला पळाला, तर बरोबर चाळिसाव्या वाढदिवशी जर्मन फौजा तिथेही घुसल्या. पुढे त्याला रेल्वेचे रूळ उखडायला वेठीला धरलं. १९४७ मध्ये तो अमेरिकेला पोचला.

इकडे १९४४ मध्ये लार्स ऑनसागर यांनी बाणांच्या सपाट जाळीचं गणित सोडवलं होतं. जाळीत चुंबक बनतो! म्हणजे ईझिंगचं गणित बरोबर, अंदाज चूक. आपलं नाव एवढं गाजतंय, हे त्याला कळलं १९४९ मध्ये. ११ मे १९९८ ला तो गेला.

२०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर चुंबक ठरला. त्याचे बाण ईझिंगच्या बाणांसारखेच, वर नाहीतर खाली. पण फक्त उणे २२८ अंशांखाली. रत्नागिरीच्या मे महिन्यात त्याचा काय उपयोग? इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर चालणारी मेमरी बनवायची, तर साध्या तापमानाला टिकणारा थर हवा. म्हणून संशोधक कम्प्युटरवर हजारो पदार्थ चाळतायत. शेजारचे बाण एकमेकांना किती जोराने धरतात ते आधी काढायचं, मग अशाच मॉडेलमध्ये घालून चुंबकत्व किती तापमानाला मोडतं ते बघायचं.

साधं ईझिंग मॉडेल तुमच्या लॅपटॉपवरही चालतं. जाळी मांडा, तापमान वाढवत न्या, बाण कधी विस्कटतात ते बघा. आणि प्रोजेक्टचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी नीट लिहून ठेवा.