पावसाची नोंदवही आणि केरुनाना

वाकड : हिंजवडीच्या रस्त्यावर घोटाभर पाणी साचावे आणि त्याच दिवशी शिवाजीनगरच्या वेधशाळेत जेमतेम काही मिलिमीटर पावसाची नोंद व्हावी, हे वाकडकरांना नवे नाही. पाऊस वस्तीगणिक बदलतो. म्हणूनच गच्चीवर वा अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजणाऱ्या हौशी नागरिकांच्या नोंदी अभ्यासकांना मोलाच्या ठरतात. काम सोपे आहे. अवघड आहे ते सातत्य. या सातत्याचा धडा घालून देणारा एक मराठी माणूस एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरुनाना.

केरुनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लिबार यांनी त्यांची गणितातील गती हेरली आणि १८४० मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत दरमहा पन्नास रुपयांवर नेमले. पृथ्वीचे चुंबकत्व आणि हवामान यांच्या नोंदी ठरल्या वेळी घेत राहणे, हे तेथील काम. एकेका आकड्याला फारसा अर्थ नसतो; वर्षानुवर्षांचे आकडे ओळीने मांडले की निसर्गाची चाल दिसू लागते. या शिस्तीत केरुनानांनी उमेदीची सुमारे दहा वर्षे घालविली.

पुढे ते पुण्यात अध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. १८६० मध्ये त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंचांगातील गणित आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नाही, हे ध्यानी येताच त्यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे, 'पटवर्धनी' पंचांग सुरू केले. सणवारांच्या तिथी बदलतील या धास्तीने रूढिप्रिय समाजाने ते सहजी स्वीकारले नाही. तथापि ग्रंथ आणि आकाश यांत तफावत पडली, तर आकाशच प्रमाण, या भूमिकेवरून केरुनाना ढळले नाहीत.

सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांचा काही संबंध आहे काय, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. त्यासाठी ते सूर्यावरील डागांच्या नोंदी ठेवीत. नोकरीत नोंदी घेणे हे कर्तव्य होते. हे काम मात्र स्वखुशीचे होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली, त्या काळात पावसाचे कोडे उलगडणे हा केवळ बुद्धिविलास नव्हता. डागांवरून पावसाचे खात्रीलायक भाकीत करता येईल, इतका हा संबंध पुढे सिद्ध झाला नाही. परंतु नोंदीच नसत्या, तर तेही कळले नसते.

१९ मार्च १८८४ रोजी केरुनानांचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९०४ मध्ये, मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामचा अडथळा टाळण्यासाठी कुलाब्याचे चुंबकीय वेध अलिबागला हलविण्यात आले. ज्या नोंदींसाठी नागावचा मुलगा मुंबईस राबला, त्या अशा रीतीने त्याच्या गावाच्या शेजारी येऊन पोचल्या. हवामानाचे निरीक्षण कुलाब्यात सुरूच राहिले.

वाकडच्या गच्चीवर मोजलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पडलेले एक लिटर पाणी. ते मोजायला सरळ कडांचे साधे भांडे आणि पट्टीदेखील सुरुवातीला पुरे. मात्र भांडे झाडाच्या वा भिंतीच्या आडोशाला नसावे, आणि पाऊस न झालेल्या दिवशीही वहीत शून्य लिहायला विसरू नये. कोरडा दिवस आणि चुकलेला दिवस यांतील फरक पुढच्या पिढीला त्या शून्यावरूनच कळणार आहे.