लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

शेतकरी बंधूंनो, तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी बैलांचा लोखंडी नांगर स्वतः धरला असेल. धाकट्या मंडळींनी तो निदान गोठ्यामागे गंजत पडलेला तरी पाहिला असेल. हा नांगर आपल्या मुलखात बनवून तो शेतकऱ्याला पटवून देणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपण सगळे जाणतो. पण ते घेताना डोळ्यांपुढे येतो तो मोठा कारखाना आणि मोठे घराणे. त्याआधी काय काय घडले, ते आज थोडे सविस्तर पाहू.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसत. चित्रकाराला रंग दिसेनात, तर करायचे काय? त्यांनी रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांचे रेखाटन धरले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला नेमले. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला परतले.

बेळगावात वडीलबंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचा धंदा होताच. मुंबईहून सायकली आणायच्या, विकायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या. किर्लोस्कर कंपनी आपले जन्मसाल १८८८ धरते, ते या सायकलींपासून. पण लक्ष्मणरावांचे लक्ष शेतकऱ्याच्या कामाकडे होते. पहिल्यांदा त्यांनी कडबाकुट्टीचे यंत्र केले. मग १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला, विलायतेहून येणाऱ्या नांगराच्या धर्तीवर.

आता खरी गंमत बघा. नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी नाही! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा लोकांचा समज होता. जवळपास दोन वर्षे माल पडून राहिला. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे शेतकऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. तुम्हीच त्या काळच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, मोडला तर तोच नीट करायचा, आणि त्याचे बलुते खळ्यावर धान्यात चुकते व्हायचे. फाळ बोथटला की लोहार भट्टीत लाल करून ठोकून द्यायचा. रोख पैशाचा संबंधच फारसा नाही. लोखंडी नांगराला मात्र रोख रक्कम मोजायची. त्याचा फाळ बिडाचा. बीड ठोकायला गेले की तडकते, म्हणजे गावच्या लोहाराचा तिथे हात चालत नाही. ऐन नांगरटीत मोडला तर करायचे काय? विषाची गोष्ट तोंडावर असेल, पण पोटातली भीती ही होती, असे मला वाटते. तुमच्या दारात आज कोणी नवे औजार घेऊन आला, तर तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारता ना, सुटे भाग कुठे मिळतील?

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देत बसण्याऐवजी नांगर शेतात नेला. रानात प्रत्यक्ष चालवून दाखवायचा, लोकांना हात लावू द्यायचा. आपल्या काळ्या रानात हराळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर वरवर ओरखडे काढतो, मुळ्या खाली तशाच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि त्याचा पंख मातीचे ढेकूळ उलटे पाडतो, मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. हे सांगून पटत नाही, तास काढल्यावर दिसते. काही शेतकऱ्यांनी धाडस केले आणि मग दुसरी अडचण पुढे आली: फाळ लवकर झिजतो, ही तक्रार.

इथे जरा थांबू, कारण सारा कस या फाळात आहे. बिडाचा रस साच्यात ओतला आणि सगळा सावकाश थंड झाला तर फाळ मऊ राहतो, मुरमाड रानात लगेच बोथट होतो. सगळाच कठीण केला तर दगडाला लागून फुटतो. विलायतेतल्या रॅन्सम नावाच्या ओतारीने १८०३ साली यावर तोड काढली होती. फाळाची खालची बाजू साच्यात थंड लोखंडावर टेकवायची. तिथे रस झटकन गोठतो आणि ती बाजू काचेसारखी कठीण होते, वरची मऊ राहते. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे उरते आणि धार आपोआप टिकते. ऐकायला सोपे वाटते, पण बिडाची जात, रसाची उष्णता, साच्याची माती यात थोडे इकडेतिकडे झाले की घाण्यातला माल भंगारात. ओतकाम हे पुस्तक वाचून येणारे काम नाही. लक्ष्मणराव आणि त्यांचे सोबती चुकत चुकत ते शिकले. मात्र चूक कुठे आहे हे त्यांना नांगर धरणाऱ्याकडून कळले.

धंदा थोडा मार्गी लागतो तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली. गावाच्या वाढीसाठी ती हवी होती. नोकरी सोडलेला, कर्ज झालेला चाळिशीचा माणूस, पुन्हा उघड्यावर. त्याच सुमारास औंध संस्थानात त्यांचे एक बांधकामाचे काम चालू होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी यात एक गोष्ट टिपून ठेवावी: दिलेली जमीन पडीक होती, पण स्टेशनाला लागून होती. नांगरासारखा जड माल बनवणाऱ्याला पिकाऊ रानापेक्षा रेल्वेचा फाटा मोलाचा. काय द्यायचे हे राजाला नेमके कळले होते.

१० मार्च १९१० ला कारखाना तिथे उभा राहिला. सगळीकडे निवडुंग आणि त्यात नागसाप. लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन तिथे राहायला गेले. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर यंत्रे सांभाळत. मंगेशराव रेगे हिशेब ठेवत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या कल्पना लढवण्यात वाकबगार. पहारा कोणाकडे? तर शिक्षा भोगलेल्या दरोडेखोरांकडे! आणि ते विश्वासू रखवालदार ठरले. लक्ष्मणराव माणसाचे प्रमाणपत्र बघत नसत, त्याचा हात कशावर बसतो ते बघत आणि तिथे त्याला लावत. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. १९१० च्या काळात हे किती अवघड, ते गावकीत वावरणाऱ्याला सांगायला नको.

पहिले महायुद्ध लागले आणि परदेशी नांगर यायचे थांबले. मागणी वाढली, पण लोखंड, कोळसा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले!

पुढचे भराभर सांगतो. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यावी, या हेतूने निघालेले ते पत्र पुढे मराठीतले मोठे मासिक झाले. नांगरापाठोपाठ उसाचा चरक आला, भुईमूग फोडायचे यंत्र आले, रहाट आले. १९२६ साली पाण्याचा पंप तयार झाला. मोटेवर उभी पिढी खर्ची घातलेल्या शेतकऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअर होऊन पदवीधर झाले आणि वाडीच्या कामात आले. पुढचा विस्तार बराचसा त्यांचा.

म्हातारपणी लक्ष्मणरावांना एक घाव सोसावा लागला. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीत जाळपोळ झाली. निवडुंग तोडून उभे केलेले होरपळताना पाहायची वेळ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आली. कारखाना पुन्हा सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

बैलांचे औत आता मोजक्या शिवारांत उरले आहे. पण ट्रॅक्टरमागच्या पलटी नांगराखाली एकदा वाकून पाहा. झिजणारा फाळ वेगळा, बोल्टने बसवलेला असतो, म्हणजे झिजला की तेवढाच बदलता येतो. आणि मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलात, तर वाटेत पलूस तालुक्यात एक स्टेशन लागते. एकेकाळी त्याच्या पाटीवर कुंडल रोड असे लिहिलेले होते. आता तिथे किर्लोस्करवाडी असे आहे.