शाळामास्तर स्ट्रेची

‘सी’च्या व्हायवाला डेनिस रिची यांचं नाव सगळ्यांना येतं. पण सी आली बी वरून, बी आली बीसीपीएल वरून आणि बीसीपीएल आली सीपीएल वरून. केंब्रिज आणि लंडनच्या मंडळींबरोबर ही सीपीएल रचणाऱ्यांत पुढे होते ख्रिस्तोफर स्ट्रेची.

जन्म १६ नोव्हेंबर १९१६, लंडनमध्ये. लेखक लिटन स्ट्रेची हे त्यांचे सख्खे काका. केंब्रिजला शिकताना मानसिक आजारानं गाठलं, फर्स्ट क्लास हुकला, संशोधनाचं दार बंद झालं. युद्धकाळात टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि नंतर चक्क शाळेत मास्तरकी! हॅरोच्या शाळेत शिकवता शिकवताच १९५१ मध्ये गड्यानं ट्युरिंग यांच्या मँचेस्टरच्या मशीनसाठी एक लांबलचक प्रोग्रॅम लिहिला. तो चालला आणि शेवटी मशीननं ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवलं. मास्तरांचं नशीबच पालटलं.

१९६५ पासून ते ऑक्सफर्डला. १९६७ मध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात त्यांनी पॉलिमॉर्फिझमचे दोन प्रकार सांगितले. लिस्टची लांबी मोजणाऱ्या फंक्शनला आत काय भरलंय याच्याशी देणंघेणं नसतं, तो पॅरामेट्रिक. अधिकचं चिन्ह मात्र पूर्णांकांना वेगळं काम करतं, दशांशांना वेगळं. तो ॲड हॉक.

२०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये हे दोन्ही एकत्र नांदतात. एका फ्रेमवर्कमध्ये प्रोटोकॉल लिहायचा आणि आतल्या टाइपची जागा फॉर्ममधल्या रकान्यासारखी रिकामी सोडायची. हा असोसिएटेड टाइप. दुसऱ्या फ्रेमवर्कमधला स्ट्रक्ट तो रकाना आपल्या पद्धतीनं भरतो (इथे ॲड हॉक). तिसऱ्यातलं जेनेरिक फंक्शन एकदाच लिहिलं की प्रोटोकॉल पाळणाऱ्या कुठल्याही टाइपवर चालतं (इथे पॅरामेट्रिक). ज्यानं लिहिलं त्याला वापरणारा माहीतही नसतो! पण असा प्रोटोकॉल साध्या टाइपसारखा व्हेरिएबलला लावला, की २०२२ च्या स्विफ्ट ५.७ पर्यंत कंपायलर एररच द्यायचा. रकान्यात काय आहे हे त्याला कळणार कसं? तेव्हापासून ‘एनी’ लिहून ते जमतं. तरी रकान्यातल्या टाइपची खात्री हवी तिथे जेनेरिकच बरं.

स्ट्रेची काटेकोर माणूस. मनासारखं झाल्याशिवाय छापायला देणं त्यांच्या जिवावर यायचं. कोपनहेगनची टिपणं हस्तलिखितासारखी हातोहात फिरली, आपल्याकडे सीनियरच्या नोट्स फिरतात तशी. डॉक्टरेट नसलेल्या या मास्तरांना ऑक्सफर्डनं १९७१ मध्ये प्रोफेसर केलं. १८ मे १९७५ रोजी काविळीच्या आजारानं ते गेले, वय अवघं ५८. टिपणं छापून आली २००० साली.