डेनिस रिची : अबोल माणूस, बोलकं काम

'सी' शिकताना डेनिस रिची हे नाव आपण सगळ्यांनीच पुस्तकाच्या कव्हरवर वाचलेलं असतं. पेपर झाला की ते विसरूनही जातो! पण मित्रांनो, लिनक्स सर्व्हरवर 'परमिशन डिनाइड' असा मेसेज येतो, त्याच्या मुळाशीही हाच माणूस आहे.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात झाला. वडील बेल लॅब्समध्ये होते. हार्वर्डमध्ये फिजिक्स आणि मग मॅथ्स शिकून १९६७ मध्ये रिचीही तिथेच रुजू झाले. १९६८ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, पण डिग्री काही घेतली नाही.

१९६९ मध्ये बेल लॅब्सने मल्टिक्स हा मोठा प्रोजेक्ट सोडून दिला. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी एका जुन्या छोट्या मशीनवर युनिक्स सुरू केलं आणि रिची त्यांच्या जोडीला आले. १९७३ मध्ये युनिक्स रिचींच्या 'सी'मध्ये नव्याने लिहिलं गेलं.

मशीन एक आणि वापरणारे अनेक, त्यामुळे कोणी काय वाचायचं, लिहायचं आणि चालवायचं हे ठरवणं भाग होतं. पण एक पेच होता. पासवर्डची फाईल फक्त मुख्य युझर, म्हणजे रूटच बदलू शकतो. मग साध्या युझरने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? आपल्याकडे दूध संस्थेत सभासद रजिस्टरला हात लावत नाही; खिडकीवर सांगितलं की क्लार्क फक्त त्याच्या नावापुढची नोंद बदलतो. रिचींनी असाच क्लार्क मशीनमध्ये बसवला. प्रोग्राम चालवणारा कोणीही असो, तो मालकाच्या अधिकाराने चालतो, पण नेमून दिलेलं तेवढंच काम करतो. याला 'सेटयूआयडी' म्हणतात. त्याचं पेटंट १९७९ मध्ये मिळालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं केलं गेलं.

१९९१ मध्ये आलेल्या लिनक्सने युनिक्सचा कोड घेतला नाही, पण हे नियम घेतले. म्हणूनच हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते आणि रात्री क्रॉनमधून तीच अडते. कारण क्रॉन ती ज्याच्या नावाने लावली आहे त्याच्या अधिकाराने चालवतो, आपल्या नाही. रूटच्या क्रॉनने लॉग फाईल बनवली, तर वेब सर्व्हरच्या युझरला तिच्यात लिहिता येत नाही. मग आपण काय करतो? सरळ ७७७ परमिशन देऊन टाकतो! काम होतं, पण रजिस्टर चावडीवर उघडं पडतं. खरं तर फाईलचा मालक कोण, काम कोणाच्या नावाने चाललंय आणि वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्याला शिरता येतं का, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा दोष सापडतो.

१९८३ मध्ये थॉम्प्सन आणि रिचींना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूजर्सीतल्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि सगळे पेपर त्यांच्याच बातम्यांनी भरले होते. रिचींची बातमी कोपऱ्यात राहिली. जॉब्सच्या आयफोनची सिस्टीमही युनिक्सच्याच घराण्यातली, हे किती जणांना ठाऊक होतं?

पुढच्या वेळी ७७७ टाईप करण्याआधी क्षणभर थांबूया. या माणसाला तीच खरी आदरांजली ठरेल.