मारवा, पूरिया आणि टॉमस नटॉल

पौष-माघात ग्वाल्हेरबाहेर कोणत्याही रस्त्याने निघावे, मोहरीची शेते पिवळी होऊन पसरलेली दिसतात. आमच्या घरात वनस्पतिशास्त्र कुणी शिकलेले नाही. वडील दरबारी गवई, मी संगीतशिक्षक. पण मोहरीच्या चार पाकळ्यांच्या फुलाचे गणगोत शोधता शोधता मी एका इंग्रज गृहस्थाच्या चरित्राशी येऊन पोहोचलो, आणि हल्ली मुलांना मारवा आणि पूरिया यांतला भेद समजावून देताना मला हटकून त्याचीच आठवण होते. त्याचे नाव टॉमस नटॉल.

नटॉलचा जन्म १७८६ साली यॉर्कशर परगण्यातील लाँग प्रेस्टन या खेड्यात झाला. चुलत्याचा छापखाना होता. तिथे पोरवयातच तो खिळे जुळवू लागला. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. चुलत्याची इच्छा पोराने धंद्यात राहावे ही, आणि पोराला नाद झाडापाल्याचा. अखेर १८०८ साली, बावीस वर्षांचा असताना, तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन उतरला. तिथे एका अनोळखी झाडाची चौकशी करण्यासाठी तो प्रोफेसर बार्टन यांच्या घरी गेला आणि त्यांचा शिष्यच होऊन बसला. शिष्य म्हणजे काय, तर तुटपुंज्या पगारावर रानोमाळ हिंडायचे आणि सापडेल ते गुरूच्या हवाली करायचे. गवयाच्या घरात वाढलेल्याला हे निराळे सांगायला नको.

१८११ साली लोकरी कातड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर तो मिसुरी नदीतून पार मंडान लोकांच्या वस्त्यांपर्यंत गेला. होडी वल्हवणारे फ्रेंच नावाडी त्याला खुळा समजत. हल्ल्याची हूल उठली तेव्हा त्याच्या बंदुकीची नळी मातीने भरलेली निघाली, कारण तो तिने मुळे उकरत असे, अशी गोष्ट सांगतात. त्या फेरीतून इंग्लंडला पोहोचलेल्या त्याच्या कितीतरी नव्या वनस्पती १८१४ साली फ्रेडरिक पुर्श याने लंडनमध्ये आपल्या ग्रंथात छापून टाकल्या. नटॉलला याचे फार लागले. त्याचा स्वतःचा ग्रंथ १८१८ साली फिलाडेल्फियात निघाला. त्याचे बरेचसे खिळे त्याने स्वतःच्या हाताने जुळवले होते असे म्हणतात. जुळाऱ्याची विद्या फुकट गेली नाही.

याच ग्रंथात त्याने मिसुरीकडच्या माळरानावरील एक पिवळे फूल नोंदवले. इंग्रजीत या जातकुळीला वॉलफ्लॉवर म्हणतात, कारण युरोपातील तिचा भाऊबंद जुन्या भिंतींच्या फटींत उगवतो. पाने हाताला खरखरीत लागतात म्हणून नटॉलने त्याला लॅटिनमध्ये खरखरीत या अर्थाचे अ‍ॅस्पर हे नाव दिले.

आता खरी अडचण. या फुलांचे दीडशेहून अधिक प्रकार जगात आहेत आणि कित्येक एकमेकांसारखे हुबेहूब. चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब, दोन आखूड. हे तर मोहरीतही तेच. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही असेच नाही का? तिघांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. कागदावर स्वर मांडले तर भेद दिसत नाही. मारव्यात रिषभ-धैवताचा जोर, पूरियाला गंधार-निषादाचा आणि मंद्राचा ओढा, तर सोहनी तार सप्तकाशीच रमते. हे ऐकावे लागते, आणि राग पुरता उलगडेपर्यंत ऐकावे लागते. फुलाचेही तसेच. नटॉलच्या माळरानावरील प्रकाराच्या शेंगा देठापासून जवळजवळ आडव्या फाकतात, आणि पश्चिमेकडे सर्रास आढळणारा त्याचा जवळचा भाऊ कॅपिटेटम, त्याच्या शेंगा वर झुकलेल्या असतात. नुसते फूल खुडून आणले आणि शेंग धरेपर्यंत थांबला नाहीत, तर भल्याभल्यांची फसगत व्हायची. पानांवर बारीक लव असते. तिचा केस मध्यभागी चिकटलेला आणि दोन्ही टोके मोकळी, होकायंत्राच्या सुईसारखी. काही जातींत केसाला तीन किंवा अधिक फाटे असतात. हे फाटे भिंगाखाली मोजत बसावे लागते. कंटाळवाणे काम खरे, पण श्रुती लावणे तरी कुठे कमी कंटाळवाणे आहे!

नटॉलचे हे फूल त्याच्याच घरात राहिले नाही. १८२१ साली द कांदोल या स्विस पंडिताने ते एरिसिमम या गणात हलवले. वनस्पतिशास्त्रात मात्र एक रीत आहे, ती मला फार आवडली. ज्याने प्रथम ओळखले त्याचे नाव कंसात राहते, आणि ज्याने हलवले त्याचे कंसाबाहेर. माझ्या वडिलांनी बांधलेली एक चीज एका पुस्तकात दुसऱ्याच गृहस्थांच्या नावावर छापलेली आहे. तिथे कंस नाही.

पुढे सुमारे अकरा वर्षे नटॉलने हार्वर्डची वनस्पतिबाग सांभाळली, पक्ष्यांवर दोन खंड लिहिले, आणि १८३४ साली ती सुखाची नोकरी सोडून पायी-घोड्यावर ऑरेगनला गेला. १८३६ साली कॅलिफोर्नियाच्या सान दिएगो किनाऱ्यावर तो अनवाणी शिंपले वेचताना हार्वर्डच्याच एका माजी विद्यार्थ्याला, खलाशी झालेल्या डेनाला, दिसला. या फेरीतून त्याने वॉलफ्लॉवरचे आणखी तीन प्रकार वेगळे काढले. १८३८ साली ते टॉरी आणि ग्रे यांच्या ग्रंथात छापले गेले. पुढच्या पंडितांनी ते तिन्ही कॅपिटेटममध्येच जमा केले. अ‍ॅस्पर तेवढे टिकले. कुणी म्हणेल, चारांतले तीन चुकले. मला तसे वाटत नाही. ज्याला भेद ऐकू येतात त्याला कधीकधी नसलेलेही ऐकू यायचेच. ज्याला काहीच ऐकू येत नाही तो कधी चुकत नाही.

१८४२ साली चुलत्याची नटग्रोव्हची इस्टेट त्याच्याकडे आली. अट अशी की, वर्षातले नऊ महिने इंग्लंडात राहिले पाहिजे. अमेरिका सुटली. एकदाच त्याने तोड काढली: १८४७ चे शेवटचे तीन महिने आणि १८४८ चे पहिले तीन महिने जोडून तो तिकडे जाऊन आला. मग पुतण्या टॉमस बूथ याला त्याने आसाम-भूतानकडे पाठवले. त्याने आणलेली ऱ्होडोडेंड्रॉनची रोपे काचघरात लावून, पासष्टी उलटलेला नटॉल पुन्हा पान पानाशी ताडून पाहू लागला आणि १८५३ साली त्याने त्यांची वर्णने छापली. त्यांतल्या एका मोठ्या पांढऱ्या फुलाला पुतण्याने काकाचे नाव दिलेले आहे. १० सप्टेंबर १८५९ रोजी नटग्रोव्ह येथेच तो वारला.